हलवा, बोरन्हाण आणि अर्धा शेंगदाणा

डिसेंबर संपत आला की आमच्या खर्डीला खरी थंडी पडते. पहाटे कसाऱ्याकडून वारा सुटतो, आणि सकाळच्या लोकलला जाणारी मंडळी कानाला मफलर गुंडाळून फलाटावर उभी राहतात. दवाखान्यात सर्दी-खोकल्याची गर्दी वाढते. त्याच सुमारास बाजारपेठेतल्या किराणा दुकानांत पांढऱ्या तिळांची पोती आणि चिक्कीचा गूळ पुढे येऊन बसतो. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायकांच्या गप्पाही बदलतात. कुणाच्या सुनेची पहिली संक्रांत असते, कुणाच्या नातवाचे बोरन्हाण असते. हलव्याचे दागिने घरी करायचे की कल्याणहून विकत आणायचे, यावर माझ्या केबिनच्या दाराशी लांबलचक चर्चा चालते. मी आत कुणाचा रक्तदाब मोजत असलो तरी कान तिकडेच असतात, हे कबूल करतो.

संक्रांतीच्या आठवड्यात आरोग्याच्या सदरात तिळाचे गुण सांगायचे, असा जणू नियमच आहे. ते गुणही सांगेन, पण शेवटी आणि थोडक्यात. त्याआधी जे सांगायचे आहे त्याच्यापायी मी एकदा स्वतः चुकलो आहे.

ज्यांनी हलवा घरी होताना पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण पुढच्या गोष्टी त्याशिवाय कळायच्या नाहीत. माझी आई दरवर्षी हलवा करीत असे. कोळशाच्या शेगडीवर मंद आच, वर कल्हईची परात, परातीत भाजलेले तीळ, खसखस, कधी साबुदाणा, कधी भोपळ्याच्या बिया. शेजारी पातेलीत साखरेचा पाक. साखरेत पाणी आणि थोडे दूध घालून तो उकळायचा, वर आलेली मळी काढायची, आणि गाळून घ्यायचा. मग एक चमचा पाक परातीत सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हळूहळू फिरवत राहायचे. पाक सुकला की पुढचा चमचा. घाई केली की गोळा होतो, आच वाढली की साखर पिवळी पडते. पहिल्या दिवशी तिळावर नुसता पांढरा पापुद्रा दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काटा फुटू लागतो. हवा कोरडी आणि थंड हवी, म्हणून हा उद्योग याच दिवसांतला. आईची बोटे त्या दिवसांत लाल झालेली असत आणि तिच्या एका हाताशी नेहमी ओले फडके असे. हाताला चिकटलेला पाक ती त्याला पुसत असे.

मग तो हलवा सुईदोऱ्यात ओवायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, जरीची किनार लावायची. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सुनेसाठी मंगळसूत्र आणि नथ, बाळासाठी बासरी. काळ्या कापडावर हे पांढरे दागिने चढले की घरात कॅमेरा शोधायची धावपळ. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यामुळे तेवढी धावपळ वाचली.

या सगळ्यात पहिला धोका आहे तो पाकाचा. मी तेव्हा चौथीत होतो. शेगडीपाशी बसायला मिळावे म्हणून मी शाळेचा अभ्यासही तिथेच घेऊन बसे. चमचा मागे-पुढे करताना माझा हात पातेलीला लागला आणि पाक डाव्या मनगटावर सांडला. मी ओरडलो, आजी धावत आली, आणि तिने माझ्याच दप्तरातली निळ्या शाईची दौत मनगटावर रिकामी केली. तेव्हा भाजल्यावर शाई हाच घरोघरचा उपाय होता. दुसऱ्या दिवशी शहापूरला डॉक्टरांकडे नेले, तर निळ्या रंगाखाली जखम किती खोल आहे हेच त्यांना दिसेना. डाग अजून आहे. दवाखान्यात कुणी भाजून आले आणि वर टूथपेस्ट थापलेली दिसली की मी चिडण्याआधी तो डाग बघतो. आजीचे माझ्यावर प्रेमच होते.

पाकाने भाजणे हे पाण्याने भाजण्यापेक्षा वाईट का असते, हे समजून घ्या. पाणी चुलीवर कितीही उकळले तरी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. साखरेचे तसे नाही. त्यातले पाणी जसजसे उडते आणि पाक घट्ट होत जातो, तसतसे त्याचे तापमान चढत जाते. एकतारी पाक शंभराच्या थोडा वर असतो, गोळीबंद पाक ११५ अंशांच्या आसपास, आणि वाटीतल्या पाण्यात थेंब टाकल्यावर 'टण्' वाजणारा चिक्कीचा पाक १५० अंशांपर्यंत पोहोचतो. शिवाय पाणी अंगावरून ओघळून जाते, पाक मात्र चिकटून बसतो आणि जिथे बसला तिथे आपली सगळी उष्णता कातडीत सोडतो. म्हणून थेंब लहान आणि जखम खोल, असा प्रकार होतो. तिळाचे लाडूही मिश्रण गरम असतानाच वळावे लागतात. गार झाले की वळले जात नाहीत. त्यामुळे घरातल्या बाया तळहाताला तूप किंवा पाणी लावून, तोंडाने 'हाय-हूय' करत लाडू वळतात आणि दुसऱ्या दिवशी तळवे सोलल्याची तक्रार घेऊन येतात. एवढे सोसण्याचे कारण नाही. मिश्रण तुपाचा हात लावलेल्या पोळपाटावर थापून वड्या पाडल्या तरी तिळगूळ गोडच लागतो. लाडूच हवे असतील तर सगळे मिश्रण एकदम खाली न घेता पातेले मंद आचेवर ठेवून थोडे थोडे काढून घ्यावे.

भाजल्यावर काय करायचे? पाणी. साधे, गार पाणी, आणि तेही पूर्ण २० मिनिटे. घड्याळ लावून. लोक दोन मिनिटे हात धुतात आणि 'पाणी लावलं' म्हणून सांगतात. कातडीच्या खालच्या थरात शिरलेली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो आणि ती बाहेर येईपर्यंत आतले भाजणे चालूच असते. लगेच धरता आले तर उत्तमच, पण धावपळीत राहून गेले असेल तर भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाणी धरल्याचा उपयोग होतो. पाण्याचा दुसरा फायदा असा की पाक त्यात विरघळतो. वाळलेला पाक नखाने खरवडून काढू नका, त्याबरोबर कातडी येते. बर्फ लावू नका, त्याने जखमेचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. आणि हातातल्या बांगड्या, अंगठी आधी उतरवा, कारण तासाभरात सूज चढली की त्या कापाव्या लागतात.

'२० मिनिटे वाहते पाणी' असे आमच्या तालुक्यात लिहिताना हात जरा अडखळतो. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, तानसा तर १८९२ पासून. आणि उन्हाळा लागला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. तरी संक्रांतीच्या दिवसांत विहिरींना पाणी असते, तेवढे नशीब. नळ नसेल तर भाजलेला हात बादलीत बुडवून ठेवा. जिथे बुडवता येत नाही तिथे तांब्याने हळूहळू पाणी ओता, खाली घमेले ठेवा आणि तेच स्वच्छ पाणी पुन्हा वापरा. लहान मूल असेल तर भाजलेल्या भागावरच पाणी ओता आणि बाकीचे अंग कोरड्या कपड्यात गुंडाळा, कारण जानेवारीच्या सकाळी मूल गारठते आणि तोही एक त्रास होऊन बसतो.

पाणी झाल्यावर स्वच्छ, धुतलेले सुती कापड सैलसर गुंडाळा. हळद, तूप, बटाट्याचा कीस, कोलगेट, शाई यांतले काही नको. फोड आले तर फोडू नका. आपल्या रुग्णाचा तळहात बोटांसकट धरला तर तो त्याच्या अंगाच्या साधारण एक टक्का भरतो. त्याहून मोठी जखम असेल, किंवा चेहरा, हाताचा पंजा, पाय, सांधा, जननेंद्रिय अशा जागी असेल, किंवा लहान मूल भाजले असेल, तर जखम कितीही साधी वाटली तरी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते तेही आठवून ठेवा.

पाक चुलीवर असताना दोन वर्षांचे मूल त्या खोलीत नको. आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत खाली जमिनीवर बसून स्वयंपाक होतो आणि रांगत्या मुलाचा हात थेट पातेलीच्या उंचीला येतो. कोळशाच्या शेगडीवर हलवा करणाऱ्यांनी थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून घेऊ नयेत. आणि काम संपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांची ऊब वाया का घालवा म्हणून ती शेगडी निजायच्या खोलीत तर मुळीच नेऊ नये. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो.

२००९ सालचा फेब्रुवारी महिना. सव्वा वर्षाचा एक मुलगा खोकला घेऊन आला. बारीक ताप, छातीत घरघर. त्या आठवड्यात असली मुले रोज दहा-पंधरा येत होती. मी औषध लिहून दिले. चार दिवसांनी पुन्हा आला, मी औषध बदलले. मग वाफेचे मशीन लावले. थोडे बरे वाटले, पुन्हा घरघर. 'बाळदमा असेल' असे मी त्याच्या आईला सांगितले, आणि ती बिचारी रडली. तीन आठवडे असे गेले. तिसऱ्या आठवड्यात आईऐवजी आजी घेऊन आली. मूल तपासता तपासता मी सहज विचारले, 'आजी, हे नेमकं कधीपासून हो?' आजी म्हणाली, 'बोरन्हाणापासूनच म्हणा ना. त्या दिवशी जरा ठसकला होता. पण पाठीत थोपटलं, लगेच राहिला.'

मी स्टेथास्कोप पुन्हा लावला. उजव्या बाजूला श्वासाचा आवाज डावीपेक्षा स्पष्टपणे कमी होता. तो आदल्या खेपांनाही कमी असणार. मी कफ म्हणून सोडून दिले होते. मूल त्याच दिवशी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेले. तिथे भूल देऊन, श्वासनलिकेत दुर्बीण घालून, उजव्या फुप्फुसाच्या नळीतून अर्धा शेंगदाणा काढला. फुगून मऊ झालेला. दोन दिवसांत घरघर गेली. बाळदमा वगैरे काही नव्हते.

हे नेमके कसे घडते? आपल्या घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी शेजारी सुरू होतात. गिळताना श्वासनलिकेवर एक झाकण पडते. मोठ्या माणसात ते वेळच्या वेळी पडते. लहान मुलाचे हे गणित अजून बसायचे असते. त्यात दाढा नसतात. पहिल्या दाढा साधारण एक ते दीड वर्षाच्या दरम्यान येतात, दुसऱ्या दोन-अडीच वर्षांच्या सुमारास. पुढच्या दातांनी मूल शेंगदाणा तोडते, पण दळू शकत नाही. तो तुकडा तोंडात घोळत असतो. अशा वेळी मूल हसले, रडले, दचकले, पडले, की ते जोरात श्वास आत ओढते आणि तुकडा श्वासाबरोबर खाली जातो. फुप्फुसाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी उजवी नळी जास्त रुंद, आखूड आणि सरळ असते, म्हणून बऱ्याचदा तो तिकडे जातो.

आता बोरन्हाण डोळ्यांपुढे आणा. पाटावर बसवलेले वर्षाचे बाळ, गळ्यात हलव्याचे हार, डोक्यावर मुकुट. भोवती दहा-बारा मुले आरडाओरडा करताहेत. वरून बोरे, चुरमुरे, हलवा, उसाचे तुकडे, हरभरे, शेंगदाणे आणि हल्ली रंगीत चॉकलेटच्या गोळ्या. बाळ घाबरून रडते. रडताना तोंड उघडे. हातात येईल ते तोंडात घालण्याचे त्याचे वयच आहे. श्वासनलिकेत वस्तू जायला याहून सोयीची वेळ कुणी ठरवूनही आणणार नाही. आणि एकदा श्वासनलिकेत गेलेला शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. नाणे दिसते, टाचणी दिसते, दाणा दिसत नाही. अनेकदा फक्त एका बाजूचे फुप्फुस जास्त फुगलेले दिसते, आणि तेही शंका मनात असेल तरच.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे मधली शांतता. पहिल्यांदा जोराचा ठसका लागतो, मूल लालनिळे होते, घरचे घाबरतात. मग तुकडा खाली सरकतो, एका बाजूला स्थिर होतो आणि ठसका थांबतो. 'गेलं खाली, पोटात गेलं,' असे म्हणून सगळे पुन्हा फोटो काढू लागतात. त्यानंतर काही तास, कधी काही दिवस काहीच होत नाही. मग खोकला सुरू होतो, आणि तोवर ठसक्याची आठवण पुसली गेलेली असते. शेंगदाण्याच्या तेलाने नळीच्या अस्तराला सूज येते, मागे कफ साठतो, न्यूमोनिया होतो. तेव्हा वाचकहो, लक्षात ठेवा की जोराचा ठसका लागून मूल शांत झाले, तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि लहान मुलाचा खोकला आठ-दहा दिवस औषधाला दाद देत नसेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की खाताना किंवा खेळताना ठसका लागला होता का. डॉक्टर विचारतीलच असे नाही. मी विचारले नव्हते. आता कोणत्याही खोकणाऱ्या मुलाला तपासताना तो माझा पहिला प्रश्न असतो आणि आयांना वाटते डॉक्टर म्हातारे झाले, तेच तेच विचारतात.

प्रत्यक्ष घास अडकला तर काय करावे, हे घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत हवे. मूल जोरात खोकत असेल, रडण्याचा आवाज येत असेल, तर हवा जाते आहे असे समजा आणि त्याला खोकू द्या. पाठीत थोपटत बसू नका, पाणी पाजू नका, आणि न दिसणारी वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नका. बोटाने ती आणखी खाली जाते. मात्र खोकला बसला, आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर वेळ मिनिटांत मोजायची असते. मूल वर्षाच्या आतले असेल तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्या, जबडा बोटांनी सावरा, डोके छातीपेक्षा खाली ठेवा, आणि दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा चांगले जोरात मारा. नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. निघेपर्यंत पाळीपाळीने हेच करा. वर्षाच्या वरच्या मुलाला पुढे वाकवून तसेच पाच फटके द्या. मग मागे गुडघ्यांवर बसा, त्याच्या बेंबीच्या वर आपली मूठ ठेवा आणि दुसऱ्या हाताने ती धरून आत-वर अशी पाच झटक्यांत दाबा. ही पोट दाबण्याची रीत अमेरिकेतले डॉक्टर हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली मांडली. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र पोट दाबायचे नाही, त्याचे यकृत फुटू शकते. हे चालू असताना दुसऱ्या कुणी तरी १०८ ला फोन लावावा. मूल बेशुद्ध पडले तर जमिनीवर उताणे ठेवून छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करावे. पाय धरून उलटे टांगून हलवण्याची जुनी पद्धत सोडून द्या.

मग बोरन्हाण करायचेच नाही का? दोन वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी हे सगळे सांगितले, तेव्हा एक आजीबाई रागावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'डॉक्टर, आमची पाच मुलं याच लुटीत वाढली.' त्यांचेही खरे आहे. मला बोरन्हाण आवडते. थंडीत मिळणारी फळे-धान्ये बाळाला दाखवण्याची याहून चांगली तऱ्हा मला माहीत नाही. रानातली बोरे पाट्यांत घेऊन बायका रस्त्याला बसतात, त्यांचीही त्या आठवड्यात चार पैशांची विक्री होते. फक्त बाळाच्या डोक्यावरून काय ओतायचे ते बदला. हलके चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या बाळावरून ओता, आणि तेही एकदम ओंजळभर नको. ओतून झाले की बाळाला लगेच उचला आणि तोंडात काही गेले नाही ना ते पाहा. बोरे, शेंगा, हरभरे, उसाचे करवे, गोळ्या हे सारे सुपात किंवा टोपलीत मोठ्या मुलांना वाटा, म्हणजे त्यांचीही हिरमोड होत नाही. अख्ख्या शेंगेला मी एवढा घाबरत नाही, सोललेल्या दाण्याला घाबरतो. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खा शेंगदाणा, फुटाणा, बोर बियांसकट देऊ नये. कूट करून द्या, बोराचा गर काढून द्या. तिळगुळाची वडी द्यायची तर मऊ गुळाची, कुस्करून, आणि मूल बसलेले असताना. पौष पौर्णिमेला मुरबाडकडे म्हसेची यात्रा भरते. तिथे बापाच्या खांद्यावर बसून शेंगदाणे खात जाणारी पोरे मी दरवर्षी पाहतो आणि माझी बायको मला पुढे ओढत नेते, कारण मी प्रत्येक बापाला थांबवू लागतो.

दागिन्यांबद्दलही थोडे. घरी दागिने करणाऱ्यांनी हलवा दोऱ्यात ओवावा, टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना वापरू नयेत. कार्यक्रम संपला की मुले त्या दागिन्यांचा हलवा खुडून खातात, आणि पिना त्यातच असतात. बाळाच्या गळ्यातला हार सैल आणि कच्च्या दोऱ्याचा असावा, ओढला तर तुटेल असा. नायलॉनचा नको. फोटो झाला की लगेच काढावा. गळ्यात हार असताना बाळाला पाळण्यात झोपवू नये. रंगीत हलव्याचा मोह होत असेल तर केशराचा रंग द्यावा. बाजारात सुट्या पुड्यांतून मिळणाऱ्या झगझगीत गुलाबी आणि पिवळ्या रंगांत रोडामिन बी आणि मेटॅनिल यलोसारखे कापडाचे रंग असू शकतात. दोन्हींना आपल्याकडे खाण्याच्या पदार्थांत परवानगी नाही. माझ्या मते पांढराच हलवा सर्वांत देखणा दिसतो, पण इथे डॉक्टर म्हणून माझे मत विचारात घ्यायचे कारण नाही.

तिळाचे गुण राहिले. सालासकट १०० ग्रॅम तिळांत सुमारे एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम असते, शिवाय लोह आणि चांगली चरबी. आकडा ऐकून खूष होण्याआधी हिशेब करा. १०० ग्रॅम तीळ कुणी खात नाही. एका लाडवात तीळ असतात दहा ग्रॅमच्या आसपास, आणि तिळातल्या ऑक्झलेटमुळे त्यातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही. तेव्हा एक लाडू म्हणजे अर्धा कप दुधाच्याही आतच. लाडू चविष्ट आहे म्हणून खावा. मधुमेही मंडळींना गुळाचा लाडू चालतो आणि साखरेचा चालत नाही, असे काही नाही. रक्तात दोन्ही सारखेच चढतात. दर घरी 'एवढासाच' म्हणून घेतलेले आठ तुकडे संध्याकाळपर्यंत दोन लाडू होतात. ज्यांना राहवत नाही त्यांनी घेतलेला तिळगूळ खिशात ठेवून घरी आणावा. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर तसेच करतात आणि रात्री तो मोजून नातवंडांना वाटतात. शेंगदाणे घेताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकून द्यावेत. भाजल्याने बुरशी मरते, पण तिचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष पूर्ण जात नाही.

एका वाचकभगिनीने विचारले आहे की हलव्याचे दागिने पुढच्या वर्षी वापरता येतील का. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवले तर दागिने म्हणून वापरता येतील. पण आमच्याकडचा पावसाळा लक्षात घेता त्यांना ओल धरतेच आणि मुंग्या डब्यापर्यंत पोहोचतात. वर्षभर ठेवलेला, पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलेला हलवा खायला मात्र कुणालाही देऊ नये. खाण्यासाठी ताजा हलवा वेगळ्या वाटीत काढून ठेवावा.